कोळसा गॅसिफिकेशन वीज प्रकल्प: आढावा एका सुरळीत दिवसाचा नको, पूर्ण वर्षाचा हवा

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
कोळसा गॅसिफिकेशनवर आधारित वीज प्रकल्पांचा पर्यावरण आढावा घेणाऱ्या समित्या

विषय: मसुदा अहवालातील त्रुटी आणि जनसुनावणीची पद्धत

महोदय, महोदया,

गॅसिफायर, गंधक काढणारी युनिटे, सांडपाण्यावरील प्रक्रिया आणि हवेतील प्रदूषणाची गणिते ही आमची रोजची कामे. कोळशापासून गॅस करून त्यावर वीज तयार करण्याचा प्रस्ताव आपल्यापुढे येतो, तेव्हा सोबतच्या अहवालात काय शोधावे आणि लोकांना बोलावण्याआधी काय मागून घ्यावे, हे सांगण्यासाठी हे पत्र. ते खुले ठेवले आहे, कारण हरकती लिहिणाऱ्या नागरिकांनाही त्याचा उपयोग व्हावा.

आधी या तंत्रज्ञानाची जमेची बाजू. नेहमीच्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून झाल्यावर धूर साफ करतात. इथे कोळसा गॅसिफायर नावाच्या पात्रात ऑक्सिजन आणि वाफेबरोबर दाबाखाली अर्धवट जाळून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजनचा गॅस करतात आणि तो टर्बाइनमध्ये जाळण्याआधी साफ करतात. दाबाखालच्या गॅसचे आकारमान थोडे असते, म्हणून सफाईची पात्रे लहान लागतात आणि सफाई चांगली होते. गंधकाचा 99 टक्क्यांच्या आसपास भाग पकडता येतो. गंधक मुरवलेल्या सक्रिय कार्बनच्या थरातून गॅस नेला, तर 90 टक्क्यांहून अधिक पारा अडतो. पाणीही त्याच क्षमतेच्या जुन्या पद्धतीच्या केंद्रापेक्षा कमी लागते. अहवालात हे सगळे लिहिलेले असते आणि ते बरोबर असते.

पण ते बरोबर असते ते यंत्रणा पूर्ण भारावर, एका चालीने चालू असताना. उत्सर्जनाचे तक्ते बहुधा अशाच दिवसाचे भरलेले असतात आणि त्या दिवसाला 365 ने गुणून वर्ष काढलेले असते. आमची मुख्य हरकत इथे आहे.

एक हिशेब मांडतो, कोणालाही कागदावर तपासता येईल असा. निव्वळ 600 मेगावॉटचे केंद्र आणि 40 टक्के कार्यक्षमता धरा. तासाला 5,400 गिगाज्यूल उष्णता लागेल. टनाला 20 गिगाज्यूल उष्णता देणारा कोळसा धरला, तर तासाला 270 टन, दिवसाला सुमारे 6,500 टन कोळसा आत जातो. त्यात 3 टक्के गंधक असेल तर रोज 195 टन गंधक आत आले. 99 टक्के पकडले की उरते 1.95 टन, आणि ते जळून 3.9 टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. आता समजा, गंधक काढणारे युनिट अजून चालीवर आलेले नाही आणि पूर्ण भाराचा कच्चा गॅस सहा तास फ्लेअरवर, म्हणजे वापरता न येणारा गॅस जाळून टाकणाऱ्या उंच नळीवर, जळतो आहे. त्या सहा तासांत 48.75 टन गंधक म्हणजे 97.5 टन सल्फर डायऑक्साइड. सुरळीत चालीच्या 25 दिवसांचे उत्सर्जन सहा तासांत झाले. गॅसिफायर अर्ध्या भारावर असेल तर साडेबारा दिवसांचे. कोळशात गंधक अर्धा टक्काच असेल, तर टनांचे आकडे सहापटीने उतरतात, पण 25 दिवसांचे हे गुणोत्तर तसेच राहते.

फ्लेअरवर जाण्याची वेळ का येते, हे समितीला नीट माहीत असायला हवे. विटांचे अस्तर असलेला गॅसिफायर थंड अवस्थेतून सुरू करताना आधी इंधन जाळून अस्तर हळूहळू तापवावे लागते. घाई केली तर विटा तडकतात, म्हणून यात एक दिवस किंवा त्याहून जास्त जातो. मग नायट्रोजनने पात्र धुऊन ऑक्सिजन आणि कोळसा ठरलेल्या क्रमाने सोडतात. त्या क्षणापासून गॅस तयार होऊ लागतो, पण दाब चढेपर्यंत, द्रावणाने गंधक शोषणारा मनोरा स्थिर होईपर्यंत आणि त्यापुढचे, गंधकयुक्त वायूपासून गंधक वेगळे करणारे क्लॉस युनिट चालू लागेपर्यंत त्याला दुसरी वाट नसते. बंद पडण्याची कारणे तर कितीतरी. कोळसा-पाण्याचा लगदा फवारणाऱ्या इंजेक्टरचे तोंड काही महिन्यांत झिजते. वितळलेली राख थंडावून खालचे भोक बुजते. गॅस धुणाऱ्या पाण्याच्या नळ्यांत क्षार बसतात. ऑक्सिजन युनिटचा कॉम्प्रेसर बंद पडला की मागोमाग सगळे थांबते. आणि टर्बाइनच अचानक बंद पडले, तर गॅस साठवायला जागा नसल्याने तोही फ्लेअरकडे वळवावा लागतो. हा गॅस बहुधा साफ झालेला असतो, म्हणून त्याचा हिशेब वेगळा ठेवावा.

म्हणून प्रस्तावकाकडून एक तक्ता मागून घ्यावा. थंड सुरुवात, गरम सुरुवात आणि अचानक बंद पडणे, या तीन घटना पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी किती वेळा धरल्या आहेत; प्रत्येक वेळी किती तास; गॅस कच्चा की साफ; आणि त्यात गंधक किती. पहिल्या वर्षाचा आकडा पाचव्या वर्षाइतकाच दिला असेल, तर तो मान्य करू नये. नेदरलँड्समधील बुगेनम 1994 मध्ये, अमेरिकेतील वाबाश रिव्हर 1995 मध्ये आणि पोल्क 1996 मध्ये, तर स्पेनमधील पुएर्तोयानो 1998 मध्ये कोळशाच्या गॅसवर आले. ही सारी केंद्रे चालीला लागायला काही वर्षे गेली. नवे केंद्र पहिल्या दिवसापासून वर्षातले 85 टक्के तास चालेल असे अहवालात लिहिले असेल, तर त्याचा आधार काय, हे लेखी घ्यावे.

हवेच्या प्रतिमानातही, म्हणजे प्रदूषण कुठे किती पोचेल याच्या गणितातही, हाच घोळ होतो. फ्लेअरचे उत्सर्जन वर्षभरावर पसरून सरासरी काढली की ते दिसेनासे होते. जागतिक आरोग्य संघटनेची सल्फर डायऑक्साइडसाठीची मार्गदर्शक पातळी 24 तासांना घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅम आहे आणि 10 मिनिटांना 500. दहा मिनिटांची वेगळी पातळी ठेवावी लागली, कारण दम्याच्या माणसाला त्रास व्हायला तेवढा वेळ पुरतो. तेव्हा फ्लेअरच्या घटनेचे गणित तासाच्या पायरीने, वाऱ्याचा वेग कमी असलेल्या आणि थंड हवेचा थर जमिनीलगत अडकलेल्या पहाटेसाठी वेगळे करून मागावे. त्यात फ्लेअरच्या ज्वालेची किती उष्णता उष्ण किरणांवाटे निघून गेली असे धरले आहे, तोही आकडा पाहावा. तो कमी धरला की धूर कागदावर जास्त उंच चढतो आणि जमिनीवरचे प्रमाण आपोआप कमी दिसते.

आता कोळसा. पुष्कळ अहवालांत 'किंवा समकक्ष कोळसा' असे शब्द घातलेले असतात. या शब्दांनी अख्खा अहवाल सैल पडतो. राख वितळवून काढणाऱ्या गॅसिफायरमध्ये वितळलेल्या राखेची घट्टता साधारण 25 पास्कल-सेकंदांच्या खाली राहावी लागते, तरच ती वाहते. ज्या कोळशाची राख 1,500 अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, त्यात चुनखडी मिसळावी लागते. चुनखडी मिसळली की घनकचरा वाढतो, ती वितळवायला ऑक्सिजन जास्त लागतो आणि कार्यक्षमता उतरते. राख 10 टक्के असेल तर वरच्या उदाहरणातल्या केंद्रातून दिवसाला 650 टन राख निघते, 35 टक्के असेल तर 2,275 टन. इतकी राख असलेल्या कोळशासाठी बहुधा वेगळ्याच प्रकारचा, राख न वितळवणारा गॅसिफायर निवडावा लागतो, आणि त्यातून काचेसारखा खडा न निघता कार्बनमिश्रित कोरडी राख निघते. म्हणजे कोळसा बदलला की यंत्र, कचरा, पाणी आणि वाहतूक सगळेच बदलते. खाणींची नावे, गंधक, राख, क्लोरीन, पारा, आर्सेनिक आणि राखेचे वितळण तापमान यांची किमान, सरासरी व कमाल मूल्ये, आणि हिशेब कमाल मूल्यांवर केलेला, एवढे अहवालात नसेल तर तो परत पाठवावा.

राखेच्या काचेसारख्या खड्यातून जड धातू सहसा पाझरत नाहीत, ही गोष्ट खरी आहे. पण त्याच्याबरोबर न जळलेल्या कार्बनची बारीक भुकटीही निघते आणि तिचे गुण वेगळे असतात. पोल्क केंद्रात कोळशातला कार्बन अपेक्षेइतका गॅसमध्ये उतरला नाही, स्लॅगमध्ये (वितळून घट्ट झालेल्या राखेत) कार्बन राहिला आणि ती विकणे अवघड झाले. विकली जाईल असे धरलेली वस्तू विकली गेली नाही, तर ती आवारात साठते. तेव्हा विक्रीचा करार दाखवला नसेल, तर संपूर्ण स्लॅग, भुकटी आणि गंधक यांच्या साठ्याची जागा, खालचे अस्तर आणि भूजल तपासणीच्या विहिरी आराखड्यात दिसल्या पाहिजेत. वरच्या उदाहरणात दिवसाला पकडलेले सुमारे 193 टन गंधक म्हणजे 300 दिवसांत सुमारे 57,900 टन. पिवळ्या गंधकाचा एवढा ढीग पावसात उघडा राहिला तर खालच्या मातीत आम्ल उतरते.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी पाण्याची वाटते, आणि अहवालात सर्वांत थोडी पाने पाण्याला दिलेली असतात. गॅस धुताना पाण्यात अमोनिया, क्लोराइड, फॉर्मेट, सायनाइड, आर्सेनिक आणि सेलेनियम उतरतात. वाबाश रिव्हर केंद्रात आर्सेनिक, सेलेनियम व सायनाइड यांनी सांडपाण्याच्या परवान्याच्या मर्यादा ओलांडल्या आणि पुढे बाष्पीभवनाची यंत्रणा बसवावी लागली. यावर हमखास मिळणारे उत्तर म्हणजे 'शून्य द्रव विसर्ग'. त्याचा अर्थ एवढाच की पाणी आटवले जाते. पाण्यातले आर्सेनिक आणि सेलेनियम कुठे नाहीसे होत नाहीत, ते क्षारांच्या घट्ट गाळात येतात. तो गाळ रोज किती टन, त्याची पाझर चाचणी कोणत्या पद्धतीने केली, तो नेणार कुठे आणि आटवणारे यंत्र दुरुस्तीला काढल्यावर पाणी किती दिवस कुठल्या टाकीत राहील, हे विचारावे. टाकी दोन दिवसांची आणि दुरुस्ती दहा दिवसांची असेल, तर 'शून्य विसर्ग' तिसऱ्या दिवशी संपतो.

पाऱ्याचेही तसेच. कार्बनच्या थरात अडकलेला पारा तो थर बदलेपर्यंत तिथेच असतो. वापरलेला थर घातक कचरा म्हणून मोजायला हवा. गॅसिफायरच्या विटांत क्रोमियम ऑक्साइड भरपूर असते आणि त्या साधारण एक ते तीन वर्षांनी बदलाव्या लागतात. काढलेल्या विटांत सहासंयुजी क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप) आहे का, ही चाचणी कचऱ्याच्या यादीत क्वचितच दिसते.

कार्बन डायऑक्साइडबद्दल दोन शब्द वापरले जातात: 'कॅप्चर-सज्ज', म्हणजे तो वायू पुढे पकडून साठवण्याची तयारी असलेले. कॅप्चर नसेल तर असे केंद्र मेगावॉट-तासाला साधारण 800 किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. 600 मेगावॉट वर्षातले 300 दिवस चालले तर सुमारे 35 लाख टन. सज्ज म्हणजे नक्की काय? कार्बन मोनॉक्साइडचे वाफेने कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजनमध्ये रूपांतर करणाऱ्या शिफ्ट अभिक्रियकांसाठी जागा आहे का, हायड्रोजनने समृद्ध गॅस जाळू शकणारे टर्बाइन घेतले आहे का, वायू साठवण्याच्या खडकाची तपासणी झाली आहे का, वाहिनीचा मार्ग ठरला आहे का? कॅप्चर सुरू केल्यावर निव्वळ वीज किती उरेल, हेही सांगावे लागेल. कॅप्चर नसतानाही या केंद्रांत आतला खप मोठा असतो. पोल्कमध्ये सुमारे 313 मेगावॉट तयार होत आणि बाहेर 250 जात, बाकीची वीज मुख्यतः ऑक्सिजन वेगळा करण्यात आणि कॉम्प्रेसरमध्ये खर्च होई. या प्रश्नांना उत्तरे नसतील, तर आढावा कॅप्चर नसलेल्या केंद्राचाच झाला पाहिजे आणि अहवालाच्या पहिल्या पानावर 35 लाख टन हाच आकडा हवा.

पर्यायांचे प्रकरण वाचताना अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील केंपर केंद्र लक्षात ठेवावे. 582 मेगावॉट, लिग्नाइट (हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा), 65 टक्के कार्बन पकडण्याचे उद्दिष्ट. 2010 च्या सुमारास खर्च 3 अब्ज डॉलरच्या आत धरला होता, तो 7 अब्ज डॉलरच्या पुढे गेला. 2017 मध्ये गॅसिफिकेशन थांबवले, केंद्र नैसर्गिक वायूवर राहिले आणि 2021 मध्ये गॅसिफायर पाडले. याचा पर्यावरण आढाव्याशी थेट संबंध आहे. हे टर्बाइन नैसर्गिक वायूवरही चालते, आणि गॅसिफायर बंद असताना बहुतेक प्रस्तावक ते तसेच चालवतात. मग परवानगी कशाची मागितली जाते आहे? वायूवर वर्षातले किती तास चालवण्याची मुभा मागितली आहे, वायूची वाहिनी कुठून येणार, आणि वायूवरच्या साध्या केंद्राशी, तसेच काहीच न बांधण्याशी तुलना केली आहे का, हे त्या प्रकरणात नसेल तर पर्याय तपासलेच गेले नाहीत असे समजावे.

अपघाताचा धोका वेगळ्या खंडात ढकलून 'गोपनीय' शिक्का मारण्याची पद्धत बंद व्हावी. गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो आणि त्याला वास नसतो. क्लॉस युनिटकडे जाणाऱ्या नळीत हायड्रोजन सल्फाइड दाट असतो. त्याचा सडक्या अंड्यांसारखा वास थोड्या प्रमाणात लगेच येतो, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. 'वास गेला म्हणजे धोका टळला' असे शेजारच्या वस्तीने समजू नये, हे आधी सांगून ठेवायला लागते. नळी फुटल्यास किती मिनिटांत झडप बंद होते, तोवर किती वायू निघतो आणि कोणत्या अंतरापर्यंत किती पीपीएम पोचतो, याचा नकाशा सुनावणीत भिंतीवर लावलेला असावा.

आता सुनावणी. पर्यावरणाच्या निर्णयांतील लोकसहभागावरच्या 1998 च्या आर्हस या आंतरराष्ट्रीय कराराने म्हटले आहे की लोकसहभाग सगळे पर्याय खुले असताना, सुरुवातीलाच व्हावा. आम्ही त्याच क्रमाचा आग्रह धरतो. पहिली बैठक अहवालाची कार्यकक्षा ठरवताना व्हावी, म्हणजे अहवालात काय तपासायचे हेच लोकांना सुचवता येते. पहाटे धुके कुठे साचते, कोणत्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात कुठे ओढले जाते, कोणत्या रस्त्यावर शाळेची मुले चालतात, ही माहिती सल्लागाराच्या एका हंगामाच्या मोजणीत सापडत नाही. मसुदा निघाल्यावर सर्व परिशिष्टे, प्रतिमानात घातलेल्या मूळ फायली आणि आत-बाहेरच्या मालाचा पूर्ण ताळेबंद किमान 60 दिवस आधी मिळावा, सारांश स्थानिक भाषेत असावा आणि त्यात वर मागितलेला फ्लेअरचा तक्ता असावा. व्यापारी गुपित म्हणून यंत्राच्या आतले तपशील झाकता येतील. कारखान्याच्या कुंपणाबाहेर येणारी एकही गोष्ट गुपित असू शकत नाही. गॅसिफायरचा पुरवठादार नंतर बदलला, तर पुरवणी अहवाल आणि पुन्हा सुनावणी, ही अट आधीच लिहून ठेवावी. अहवाल अनेकदा प्राथमिक आराखड्यावर लिहितात आणि पुरवठादार पुढे ठरतो, त्यामुळे ही शक्यता नेहमीची आहे.

हरकती लिहिणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. 'प्रदूषण वाढेल' या हरकतीला 'नियमांचे पालन केले जाईल' एवढ्या उत्तरात वाटेला लावतात. त्याऐवजी पान आणि तक्त्याचा क्रमांक देऊन एका परिच्छेदात एकच प्रश्न विचारा: या तक्त्यात थंड सुरुवातीचे तास का नाहीत? या प्रश्नाला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते. समितीनेही प्रत्येक हरकतीपुढे उत्तर आणि त्यामुळे अहवालात झालेला बदल पानासह छापावा. बदल केला नसेल तर कारण छापावे.

परवानगी द्यायचीच झाली, तर अटींत तीन गोष्टी हव्यात. बांधकाम सुरू होण्याआधी वर्षभर विहिरी, मासे आणि माती यांतला पारा, आर्सेनिक व सेलेनियम मोजून ठेवावा. नंतर मोजलेले काहीच सिद्ध करत नाही. फ्लेअरच्या नळीवर प्रवाहमापक आणि गंधकमापक बसवावा, आणि त्याचे आकडे 24 तासांत लोकांसाठी खुले व्हावेत. आणि कच्चा गॅस फ्लेअर करण्याच्या तासांना वार्षिक मर्यादा असावी, जी ओलांडली की कारण तपासून समितीने लेखी मान्यता देईपर्यंत गॅसिफायर पुन्हा सुरू करता येणार नाही.

यांतील कोणताही हिशेब समितीपुढे बसून, प्रस्तावकाच्या अभियंत्यांच्या उपस्थितीत ओळ-ओळ तपासायला आम्ही तयार आहोत.

आपले,
गॅसिफिकेशन, सांडपाणी आणि वायुगुणवत्ता क्षेत्रांत काम करणारे अभियंते व रसायनतज्ज्ञ